पार्श्वभूमी : ‘देव प्रीती आहे’ या वाक्यातली प्रीती

मराठी चर्चमधल्या उपदेशात एक विधान हमखास येते: ग्रीक भाषेत प्रेमाला चार शब्द आहेत, त्यांतला ‘अगापे’ हा देवाच्या निःस्वार्थ प्रीतीचा, उरलेले तीन माणसांचे. विधान सुटसुटीत आहे, लक्षात राहते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हे प्रेषितांच्या काळापासून चालत आले असावे. या स्वरूपात ते शंभर वर्षांचेही नाही. ख्रिस्ती जीवनाच्या केंद्रस्थानी देवाची प्रीती आहे, यावर पंथापंथांत कधी वाद नव्हता. वाद झाला तो त्या केंद्राला कोणते नाव द्यायचे आणि त्या नावात काय काय बसवायचे यावर. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, आज जी ‘प्रीती’ वाचली जाते, तिच्यात त्या वादाचे बरेच अवशेष आहेत.

दोन शब्द, चार नव्हेत

नव्या करारात ‘अगापे’ हे नाम ११६ वेळा आणि ‘अगापाओ’ हे क्रियापद १४०हून अधिक वेळा येते. ‘फिलेओ’ हे दुसरे क्रियापद पंचवीसेक वेळा. ‘एरोस’, म्हणजे प्रियकराची ओढ, एकदाही नाही. ‘स्तोर्गे’, म्हणजे घरच्यांची माया, सुटा कुठेच आढळत नाही. रोमकरांस पत्राच्या पहिल्या आणि बाराव्या अध्यायात व तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात जोडशब्दांच्या पोटात तेवढा सापडतो. तेव्हा हिशेब दोन शब्दांचा आहे, आणि ते दोनही एकमेकांपासून कुंपण घालून वेगळे ठेवलेले नाहीत. पित्याची पुत्रावर प्रीती आहे हे योहान तिसऱ्या अध्यायात ‘अगापाओ’ने सांगतो आणि पाचव्या अध्यायात ‘फिलेओ’ने.

‘अगापे’ हा शब्दच पवित्र, ही समजूत जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरापाशी कोलमडते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झालेल्या या भाषांतरात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातली अम्नोन आणि तामार यांची गोष्ट आहे. अम्नोन सावत्र बहिणीवर जबरदस्ती करतो आणि नंतर तिचा द्वेष करू लागतो. त्याच्या आधीच्या वासनेला ग्रीक मजकुरात शब्द वापरला आहे तो ‘अगापे’च. नव्या करारातही लोकांनी प्रकाशापेक्षा अंधाराची आवड धरली तेव्हा क्रियापद हेच आहे, आणि देमास ऐहिक सुखाच्या ओढीने पौलाला सोडून गेला तेव्हाही हेच.

मग लेखकांनी हाच शब्द का उचलला? उत्तर फारसे आध्यात्मिक नाही. ‘फिलेओ’ला ग्रीक बोलीत ‘मुका घेणे’ असा अर्थ चिकटत गेला होता. यहूदाने येशूला धरून देताना दिलेल्या चुंबनासाठी मार्कने त्याच कुळातली क्रियापदे वापरली आहेत. एक शब्द असा अडला की दुसरा पुढे येतो. ‘अगापाओ’चा जुना अर्थ ‘समाधान मानणे, पसंत असणे’ असा जरा थंडच होता. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापासून तो वाढत गेला आणि पहिल्या शतकापर्यंत प्रेम करण्याचा तो रोजचा शब्द होऊन बसला. लेखकांनी बाजारात चालणारे नाणे घेतले.

त्याला मोल आले ते वाक्यांमुळे. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय दोनदा ‘देव प्रीती आहे’ म्हणतो आणि त्याच दमात दिशा सांगतो: प्रीती आपण देवावर केली यात नाही, त्याने आपल्यावर केली आणि पुत्राला पाठवले यात आहे. लगेच कसोटीही आहे. न पाहिलेल्या देवावर प्रीती करतो असे म्हणणारा डोळ्यांसमोरच्या भावाचा द्वेष करत असेल तर तो लबाड आहे. वरून खाली, मग आडवी, आणि आडवीवरून वरचीची परीक्षा, अशी ही रचना आहे. शब्द बदलला तरी ती बदलत नाही.

प्रीतीची आज्ञा कशी देता येईल, हा प्रश्न आधुनिक वाचकाला पडतो, कारण त्याच्या लेखी प्रेम ही भावना असते. जुन्या जगात ‘प्रेम करणे’ ही राजकीय भाषाही होती. ख्रिस्तपूर्व ६७२ मध्ये अश्शूरच्या राजाने मांडलिकांकडून करार लिहून घेतले. युवराजावर स्वतःवर करता तसे प्रेम करा, असे कलम त्यांत आहे. अर्थ सरळ आहे: निष्ठा ठेवा, दुसऱ्याशी संधान बांधू नका. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली देवावर प्रीती करण्याची आज्ञा या भाषेच्या शेजारी ठेवून वाचली की ती मुळात इमान राखण्याची आज्ञा आहे हे दिसते. इमानाची आज्ञा देता येते. भावना त्यात नाही असे मात्र नाही. होशेयच्या अकराव्या अध्यायात मुलाला हात धरून चालायला शिकवणारा देव कराराच्या कलमांत मावत नाही.

करिंथचा तेरावा अध्याय

पौलाने इ.स. ५३ ते ५५च्या दरम्यान इफिसहून करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला हा अध्याय आज लग्नात वाचला जातो. तो लिहिला गेला भांडणापायी. बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांत मंडळीतल्या कृपादानांवरून चाललेली चढाओढ आहे, अकराव्यात जेवणावरून झालेला प्रकार, मधोमध हा. त्यामुळे प्रीती काय करत नाही याची यादी हवेत सोडलेली नाही. ती ज्या ज्या गोष्टी करत नाही, त्या सगळ्या करिंथकर करत होते. ‘फुगत नाही’ हे सर्वांत उघड उदाहरण. आठव्या अध्यायात ज्ञान फुगवते आणि प्रीती उभारणी करते असे आधीच बजावलेले आहे.

चौथ्या ते सातव्या ओवींत ग्रीकमध्ये पंधरा क्रियापदे आहेत, सात होकारी आणि आठ नकारी. विशेषण एकही नाही. मराठीत ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ असे वाचले की ते स्वभाववर्णन वाटते; मुळात ‘प्रीती दम धरते, उपकार करते’ अशा हालचाली आहेत. भाषांतरात सर्वांत जास्त गमावलेले वाक्य ‘अपकार स्मरत नाही’ हे. ग्रीक क्रियापद हिशेबनिसाचे आहे. वाईट खात्यावर चढवत नाही, अपकार कुणाच्या नावे मांडत नाही. स्मरण आणि नावे मांडणे यांत फरक आहे. झालेला अन्याय विसरता येत नाही म्हणून आपल्यात प्रीती नाही, असे स्वतःला कोसणारी माणसे मंडळ्यांत असतात, आणि त्यांचा घोटाळा या एका क्रियापदाने सुटण्यासारखा आहे. वसुलीसाठी वही उघडी ठेवू नका, एवढेच तिथे सांगितले आहे.

तिसरी ओवीही पुढच्या भागासाठी लक्षात ठेवावी. सगळी मालमत्ता गरिबांना वाटली आणि प्रीती नसली तर लाभ नाही, असे ती म्हणते. त्याच ओवीत शरीर ‘जाळण्यासाठी’ दिले की ‘अभिमान मिरवता यावा म्हणून’ दिले, यावर हस्तलिखिते एका ग्रीक अक्षराने फुटतात, इ.स. २००च्या सुमाराच्या पपायरसात दुसरा पाठ आहे.

‘चॅरिटी’ की ‘लव्ह’

लॅटिनमध्ये ‘आमोर’ला रस्त्यावरचा वास होता म्हणून भाषांतरकार ‘कारितास’ आणि ‘दिलेक्तियो’ यांकडे वळले. तेरावा अध्याय आणि ‘देव प्रीती आहे’ ही वाक्ये ‘कारितास’मध्ये बसली, शिष्यांची ओळख ज्या परस्पर प्रीतीने पटावी ती ‘दिलेक्तियो’ झाली. पाचव्या शतकातच बिशप ऑगस्टीनने लिहून ठेवले की शास्त्र या तीन लॅटिन शब्दांत चांगल्या-वाईटाची वाटणी करत नाही. प्रेम चांगले की वाईट हे ते कशावर आहे यावरून ठरते. पुढच्या काळाने हे वाचून बाजूला ठेवले असे दिसते. मध्ययुगात प्रश्न आणखी बारीक झाला: माणसाच्या हृदयातली प्रीती म्हणजे खुद्द पवित्र आत्मा, की आत्म्याने माणसात निर्माण केलेला गुण? बाराव्या शतकातल्या पॅरिसच्या पाठ्यपुस्तकाने पहिले म्हटले. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ अक्विनासने दुसरे म्हटले, नाहीतर प्रीती करणारा माणूस नुसता नळ ठरतो, आणि देवाशी मैत्री अशी तिची व्याख्या केली. तेच कॅथलिक शिकवणीत टिकले.

खरा स्फोट इंग्रजीत झाला. १५२६ साली वर्म्स शहरात छापलेल्या नव्या करारात विल्यम टिंडेलने ‘चॅरिटी’ काढून ‘लव्ह’ घातले. त्याबरोबर ‘चर्च’च्या जागी मंडळी या अर्थाचा आणि ‘प्रीस्ट’च्या जागी वडील या अर्थाचा शब्द आला. १५२९ मध्ये कॅथलिक बाजूच्या थॉमस मोरने या तीन शब्दांना धरूनच हल्ला चढवला. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. प्रत्येक ‘लव्ह’ ‘चॅरिटी’ नसते; जे चांगले आणि योग्य क्रमात आहे तेवढेच. यार आणि त्याची बाई यांच्यातही ‘लव्ह’ असते. सर्वसाधारण शब्द वापरून विशेष अर्थ पुसला जातो, आणि पुसणाऱ्याचा हेतू शुद्ध नाही, असा आरोप होता.

टिंडेलचे १५३१चे उत्तर भाषांतर करणाऱ्या कोणाही माणसाने पाठ करावे असे आहे. एक, ग्रीक शब्द स्वतःच सर्व प्रकारच्या प्रेमाला चालणारा आहे. मूळ सर्वसाधारण असताना भाषांतराला सोवळे कशाला? दोन, लोकांच्या तोंडी ‘चॅरिटी’ म्हणजे भिक्षा, दया किंवा भांडण न करणे. तीन, आणि हा मुद्दा व्याकरणाचा असल्याने तोडता येत नाही: ‘चॅरिटी’ला क्रियापद नाही. ‘देवाला चॅरिटी कर, शेजाऱ्याला चॅरिटी कर’ असे कुणी म्हणत नाही. आज्ञा क्रियापदात आहे आणि नाम दुसऱ्याच कुळातले घेतले, तर आज्ञा आणि तिचे पालन यांचा वाचकाच्या कानात संबंध उरत नाही. शेजाऱ्याच्या बायकोवर ‘लव्ह’ कर म्हटल्याने ख्रिस्ती माणूस त्याचा भलता अर्थ काढत नाही, हेही त्याने ऐकवले. १५३६ मध्ये त्याला गळा आवळून जाळण्यात आले. मोरचे डोके त्याच्या आदल्या वर्षी राजाने उडवले होते.

निकाल विचित्र लागला. १६११च्या राजमान्य भाषांतरात योहानाच्या पत्रात ‘लव्ह’ राहिले आणि करिंथच्या तेराव्या अध्यायात ‘चॅरिटी’ परत आली. एकच ग्रीक शब्द, एकाच पुस्तकात दोन नावे. दरम्यान १६०१ मध्ये इंग्लंडात धर्मादाय देणग्यांचा कायदा झाला होता आणि ‘चॅरिटी’ची व्याख्या न्यायालये करू लागली होती. मग वाचकापुढे कोडे आले: सगळी मालमत्ता गरिबांना वाटली आणि ‘चॅरिटी’ नसली, तर? मालमत्ता वाटणे हीच तर ‘चॅरिटी’! १८८१च्या सुधारित आवृत्तीने शब्द काढून टाकला, टिंडेल तीनशे पन्नास वर्षांनी जिंकला. आणि त्या जुन्या ‘कारितास’चा एक नातू आपल्याकडे मराठी नाव लावून बसला आहे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली (१९५०चा, पूर्वी ‘मुंबई’ नावाचा) चर्चचे ट्रस्ट दरवर्षी हिशेब ज्यांच्याकडे पाठवतात ते धर्मादाय आयुक्त.

सोळाव्या शतकातला दुसरा वाद मराठी मंडळ्यांना जास्त जवळचा वाटायला हवा, पण त्याची चर्चा कमी होते. प्रीतीने आकार दिलेला विश्वास तारतो, असे मध्ययुगीन सूत्र होते. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने ते मोडले: तारतो तो विश्वास, आणि प्रीती त्याचे फळ. झाडाला फळ झाड बनवत नाही. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने उलट बाजू पक्की केली. दोघेही गलतीकरांस पत्रातला प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास आपल्याच बाजूने वाचत होते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक अशा दोन्ही बाजूंनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. निवेदनाने मतभेद संपवले नाहीत. ते आता एकमेकांना शाप देण्याइतके राहिले नाहीत, एवढे मान्य केले.

१९३० नंतर

चार शब्दांचे विधान इथून येते. स्वीडनमधल्या लुंडच्या एका लुथरन धर्मशास्त्रज्ञाने १९३० आणि १९३६ मध्ये दोन भागांत एक ग्रंथ काढला. त्याचा सिद्धांत असा: ‘एरोस’ म्हणजे खालून वर जाणारी, मोल पाहून जडणारी, मिळवू पाहणारी ओढ, ‘अगापे’ म्हणजे वरून खाली येणारी, मोल न पाहणारी आणि स्वतःच मोल निर्माण करणारी प्रीती. ग्रीक जगाचे पहिले, ख्रिस्ताचे दुसरे. ऑगस्टीनने ‘कारितास’ या नावाखाली दोहोंचे मिश्रण करून घोटाळा केला आणि ल्यूथरने तो निवडून काढला. मांडणी भव्य होती आणि ल्यूथरचा विजय त्यात आधीच ठरलेला होता. इंग्रजी भाषांतर तीसच्या दशकातच आले. १९६०च्या एका लोकप्रिय इंग्रजी पुस्तकाने चार प्रेमांची वाटणी घराघरांत नेली, आणि तिथून ती जगभरच्या सेमिनरींच्या वह्यांत उतरली. आपल्याकडेही.

१९६१ मध्ये जुन्या कराराच्या एका स्कॉटिश अभ्यासकाने या पद्धतीच्या मुळावरच घाव घातला. शब्दकोशातल्या शब्दात धर्मशास्त्र साठवलेले नसते. ते वाक्यात आणि परिच्छेदात असते. घाव पटण्यासारखा होता, पण उपदेश करणाऱ्यांच्या हाती तो पोचला नाही. २५ डिसेंबर २००५ ही तारीख घातलेल्या पोपच्या परिपत्रकाने, ज्याचे नावच ‘देव प्रीती आहे’ या वाक्याचे लॅटिन रूप आहे, वेगळ्या बाजूने दुरुस्ती केली: चढणारे आणि उतरणारे प्रेम कधीच पुरते वेगळे करता येत नाही, ज्याला द्यायचे आहे त्याला घ्यावेही लागते. लुंडचा सिद्धांत काटेकोर घेतला तर माणूस देवावर प्रीती करूच शकत नाही, कारण देवाचे मोल पाहिल्याशिवाय ती होणार कशी. पहिली आज्ञाच लटकी पडते. एवढे उघड भोक असलेला सिद्धांत इतका टिकला, याचे श्रेय त्याच्या पाठांतरसुलभतेला द्यावे लागते.

मराठीत आल्यावर

भाषांतरकारांपुढे मराठीत शब्दांचा तुटवडा नव्हता, उलट पंचाईत होती. घरातला सर्वांत उबदार शब्द ‘माया’. आजी नातवावर माया करते. पण तोच शब्द वेदान्तात भ्रमाचा. ‘देव माया आहे’ असे लिहिले असते तर काय वाचले गेले असते हे सांगायला नको. ‘लोभ असावा’ हे पत्राच्या शेवटी शोभते, आज्ञेत नाही. ‘ममता’ माझेपणातून निघते. ‘वात्सल्य’ मोठ्याकडून लहानाकडे, आणि ‘भक्ती’ फक्त लहानाकडून मोठ्याकडे. देव जगाची भक्ती करतो असे म्हणता येत नाही. ‘दया’ आधीच गुंतलेली होती: १३६व्या स्तोत्रात सव्वीस वेळा येणारी सनातन दया हिब्रू ‘हेसेद’ची, म्हणजे करार पाळणाऱ्या निष्ठेची. ‘प्रेम’ संतांच्या अभंगांत ओतप्रोत भरलेले होते, आणि कदाचित त्यामुळेच ते सहज हाती लागायला हवे होते.

प्रमुख जागा मिळाली ती ‘प्रीती’ला. १८११चा श्रीरामपूरचा नवा करार, मुंबईत अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये काढलेला नवा करार, मग शतकाच्या मध्यावर संपूर्ण शास्त्र आणि पुढच्या दुरुस्त्या, अशा मालिकेतून मंडळीची भाषा घडत गेली. शब्दाची निवड वाटते त्याहून मार्मिक आहे. संस्कृत ‘प्रीति’चा मूळ अर्थ संतोष, प्रसन्नता. पूजेच्या संकल्पात ‘परमेश्वरप्रीत्यर्थम्’ येते, म्हणजे देव संतुष्ट व्हावा यासाठी. ग्रीक ‘अगापाओ’चा जुना अर्थही समाधानाचाच होता, हे वर आलेच आहे. पण ख्रिस्ती मराठीने शब्दाची दिशा उलटवली. संकल्पात माणूस कर्म करतो आणि देवाची प्रीती मिळते. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात देव आधी जगावर प्रीती करतो, माणसाने काही करण्याच्या अगोदर. संकल्प कानावर पडत असलेल्या पहिल्या पिढीच्या वाचकाला ही उलथापालथ जाणवली असणार. आजच्या वाचकाला ‘प्रीती’ म्हटले की नाट्यगीत किंवा भावगीत आठवते, आणि ती धार गेली.

टिंडेलची व्याकरणाची कसोटी ‘प्रीती’ पास होते, कारण ‘प्रीती करणे’ हे क्रियापद सोबत येते. ‘शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ आणि ‘देव प्रीती आहे’ यांत धागा तुटत नाही. प्रचलित मराठी आवृत्तीत मात्र एक वेगळाच खेळ झाला आहे. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा विचारतो. ग्रीकमध्ये पहिल्या दोन प्रश्नांत ‘अगापाओ’ आहे, तिसऱ्यात ‘फिलेओ’, आणि पेत्राची तिन्ही उत्तरे ‘फिलेओ’. मराठीने पहिल्याला ‘प्रीती’ आणि दुसऱ्याला ‘प्रेम’ देऊन हा फरक जपला. इंग्रजी वाचकाला जे दिसत नाही ते मराठी वाचकाला दिसते, आणि इथेच चूक होते: ‘प्रीती’ उंच, ‘प्रेम’ ठेंगणे, येशू तिसऱ्यांदा पेत्राच्या पातळीवर उतरला, असा उपदेश तयार होतो. त्याच संवादात ‘कोकरे’ आणि ‘मेंढरे’, ‘चार’ (चारणे या अर्थी) आणि ‘पाळ’ असेही शब्द बदललेले आहेत. त्यांत कुणी धर्मशास्त्र शोधत नाही. योहानाला शब्द पालटून वापरायची सवय आहे, आणि पेत्र दुःखी झाला तो ‘तिसऱ्यांदा’ विचारल्यामुळे, असे मजकूरच सांगतो.

केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले. छपाई आश्रमातल्या मुलीबायांनीच केली. सामान्य बाईला वाचता यावे अशी मराठी हा त्यामागचा हट्ट होता. पण ‘प्रीती’ला दुसरा श्वास दिला तो भाषांतराने नव्हे, भजनाने. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणणारी पदे अभंगाच्या चालीत लिहिली आणि मंडळीत टाळ आणला. पौलाच्या त्या अध्यायात प्रीतीविना बोलणारा ‘झणझणणारी झांज’ ठरतो. मराठी चर्चमध्ये ती झांज प्रीतीच्याच पदाला साथ करते. पदांतून संतांचे ‘प्रेम’ मागच्या दाराने आत आले, आणि आज प्रार्थनेत ‘प्रेमळ पित्या’ आणि वाचनात ‘प्रीती’ असे दोन्ही शब्द एकाच उपासनेत सुखाने नांदतात.

गोव्यात हा पेच पडलाच नाही. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले ख्रिस्तपुराण मराठी ओवीत असले तरी प्रार्थनेची रोजची भाषा कोंकणी झाली, आणि तिथे ‘मोग’ हा एकच शब्द देवालाही आणि प्रियकरालाही चालतो. विश्वास, आशा, प्रीती ही त्रयी कोंकणीत ‘भावार्थ, भरवंसो, मोग’ अशी म्हणतात. मोरला हे मुळीच आवडले नसते. देवाच्या मोगाची शिकवण जिथे दिली जात होती त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसत होते, हेही या इतिहासातच येते.

महाराष्ट्रातला आक्षेप वेगळा होता. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात मिशनांनी धान्य आणि काम दिले, आणि त्यानंतर अहमदनगर भागात बाप्तिस्म्यांची संख्या झपाट्याने वाढली. ही प्रीती की आमिष, हा वाद तेव्हापासून चालू आहे. ‘पोटासाठी ख्रिस्ती’ हा शिक्का मात्र बहुतेक वेळा ज्यांची पोटे कधी रिकामी नव्हती त्यांनी मारला. गावकुसाबाहेरच्या माणसाला एका पंगतीत घेणे हे धान्याइतकेच मोठे देणे होते, आणि ते आमिषाच्या हिशेबात धरले जात नाही.

पंगत

‘अगापे’ हे अनेकवचनात जेवणाचेही नाव होते. यहूदाच्या (धरून देणारा नव्हे, दुसरा) छोट्या पत्रात ते तसे येते. मराठीत प्रीतिभोजन. करिंथमध्ये बिघडले ते असे: सधन लोक लवकर येत, आपापले आणलेले खाऊन घेत, मजूर आणि गुलाम काम संपवून येईपर्यंत एक भुकेला आणि दुसरा झिंगलेला, अशी अवस्था होई. दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत रोममध्ये भाकर-द्राक्षारसाचा विधी रविवारच्या उपासनेत येतो आणि त्यासोबत ऐच्छिक वर्गणी; ती अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी. इ.स. २५१च्या एका पत्राप्रमाणे रोमची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसत होती. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या धर्मसभेने चर्चच्या इमारतीत प्रीतिभोजनास बंदी केली आणि ३९७ मध्ये कार्थेजनेही तसेच केले. कारण व्यवहारी होते. छोट्या घरात शोभणारी पंगत मोठ्या बॅसिलिकेत मेजवानी झाली होती. १७२७ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूटच्या वसाहतीत ती परत सुरू झाली आणि मेथडिस्टांनी उचलली; त्यांच्याकडे आत जायला तिकीट लागे.

आपल्या मंडळ्यांत प्रीतिभोजन नाताळ, ईस्टर किंवा हंगामाच्या सणाला असते. बिघडण्याची जागा तीच राहिली आहे: पाहुणे आणि व्यासपीठावरचे लोक आधी बसवले जातात, आणि वाढणाऱ्या बाया व लांबच्या वाडीवरून येणारी कुटुंबे शेवटच्या पंगतीला, जेव्हा पातेल्यात रस्सा उरतो आणि फोडी संपतात. पौलाची सूचना भोजन बंद करण्याची नव्हती. जेवायला जमल्यावर एकमेकांची वाट पाहा, आणि फारच भूक लागली असेल तर घरून खाऊन या, एवढे त्याने लिहिले आणि बाकीची व्यवस्था आल्यावर लावतो म्हणून सांगितले.